दोन लाखांत जुनी छोटी गाडी: घ्यावी, की रिक्षाच बरी?

चौथी सीट | ९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून आयुष्य काढलेला माणूस आहे मी, त्यामुळे गाड्यांमधलं ज्ञान शून्य. लायसन्स २०११ चं, पण ते आजवर फक्त ओळखपत्र म्हणून वापरलंय.

राहायला भांडुप पश्चिमेला, जुनी सोसायटी, लिफ्ट नाही. बाबांना मार्चमध्ये अर्धांगाचा झटका येऊन गेला. आता काठी घेऊन चालतात, डावा पाय अजून ओढतात. आठवड्यातून तीनदा मुलुंडला फिजिओथेरपीला न्यावं लागतं. संध्याकाळी सहा-सातला रिक्षा मिळता मिळत नाही. मिळालीच तर काठी बघून "गॅस भरायला चाललोय" म्हणतात. गर्दीच्या वेळी ॲपवाल्या गाड्या येतो म्हणतात आणि पाच मिनिटं एका जागी फिरून रद्द करतात.

म्हणून डोक्यात आलं की एखादी जुनी छोटी गाडी घ्यावी. बजेट दोन लाख, फार ताणलं तर अडीच. ऑल्टो, वॅगन आर, सेलेरिओ, आय टेन, सॅन्ट्रो असं काय काय दिसतंय. एवढ्या पैशांत घेणं शहाणपणाचं आहे का? की दुसऱ्याची डोकेदुखी विकत घेतोय?

बाबा स्वतः बेस्टमध्ये ड्रायव्हर होते, एकतीस वर्षं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मला विचारू नकोस. माझी गाडी छत्तीस फुटांची होती."

पापलेट | ९ नोव्हेंबर, रात्री १०.५८

जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याच्या घरचं लोणचं. मुरलंय की बुरसटलंय ते झाकण उघडल्याशिवाय कळत नाही.

खुर्ची टाकून बसलोय. चर्चा होऊ द्या.

हिशेबनीस | ९ नोव्हेंबर, रात्री ११.३०

आधी आकडे मांडू, मग भावना.

दोन लाखांची गाडी चार वर्षं वापरून एक लाखाला विकली तर घसारा वर्षाला २५,०००. विमा साधारण ८,०००. सर्व्हिस आणि किरकोळ दुरुस्ती १२,००० धरा, जुनी गाडी आहे, मागणारच. सोसायटीचं पार्किंग महिना ८०० धरलं तर वर्षाचे ९,६००. महिन्याला ३०० किलोमीटर चालली आणि मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये लिटरला १५ दिलं तर वर्षाला २४० लिटर. सध्याच्या १०३-१०४ च्या भावाने पेट्रोलचे २५,०००. एकूण जवळपास ८०,०००, म्हणजे महिन्याला साडेसहा हजारांच्या वर.

रिक्षाचं बघा. फेब्रुवारीपासून किमान भाडं २६ रुपये, पुढे किलोमीटरला सव्वासतराच्या आसपास. भांडुप-मुलुंड सहा किलोमीटर धरले तर एका बाजूचे शंभरेक. महिन्यात तेरा फेऱ्या म्हणजे २,७०० रुपये. दर फेरीला रिक्षावाल्याला पन्नास रुपये वर दिलेत तरी चार हजारांच्या आत.

गाडी घेऊ नका म्हणत नाही. पण "पैसे वाचतील" हे कारण यादीतून काढून टाका.

मोगरा | १० नोव्हेंबर, सकाळी ७.१५

हिशेबनीस, आकडे बरोबर आहेत, पण जुलैच्या पावसात अर्धांग झालेल्या माणसाला धरून नाक्यावर चाळीस मिनिटं उभं राहायचं, ते कुठल्या खात्यात टाकू? मी आईसाठी दोन वर्षं हे केलंय.

चौथी सीट, एक महत्त्वाचं. मॉडेल, मायलेज, रंग सगळं नंतर. बाबांना सोबत घेऊन जा आणि प्रत्येक गाडीत बसवून बघा. ऑल्टोसारख्या गाडीची सीट खाली असते. त्यात आधी बुडायचं आणि उतरताना गुडघ्यांवर जोर देऊन उठायचं. आई बसायची नीट, पण उतरताना मला तिला काखेत हात घालून ओढावं लागायचं. वॅगन आरची सीट उंच, जवळजवळ जेवणाच्या खुर्चीएवढी. पाठमोरं टेकायचं, मग पाय आत घ्यायचे. दार किती उघडतं तेही बघा. बाबा पुढे डाव्या सीटवर बसणार, आणि डावा पाय शेवटी हाताने उचलून आत घ्यावा लागणार.

चौथी सीट | १० नोव्हेंबर, सकाळी ८.०२

मोगरा, हे डोक्यातच आलं नव्हतं. अगदी असंच होतं. रिक्षात चढताना डावा पाय मीच उचलून ठेवतो.

बिनचाकी | १० नोव्हेंबर, सकाळी ११.२०

या शहरात आणखी एक गाडी नको. रस्ते तेवढेच, गाड्या रोज वाढतायत. एलबीएस मार्ग मेट्रो ४ च्या कामाने आधीच उखडलेला. गाडी घ्याल, ती सोसायटीबाहेर उभी कराल, मग शेजाऱ्याशी भांडाल. मेट्रो येतेय, तिच्यात लिफ्ट असतात.

मोगरा | १० नोव्हेंबर, सकाळी ११.४१

येतेय ना? आली की बसतील. फिजिओ आज संध्याकाळी आहे.

बिनचाकी | १० नोव्हेंबर, दुपारी १२.०५

ठीक, या केसमध्ये मागे घेतो. पण पार्किंगचा प्रश्न उभाच आहे. जागा आहे का सोसायटीत?

चौथी सीट | १० नोव्हेंबर, दुपारी १.१०

आहे. सेक्रेटरींनी बदामाच्या झाडाखालची एक जागा दाखवलीय, महिना ७००. इतर कोणी घेत नाही म्हणे. कारण सांगितलं नाही.

पापलेट | १० नोव्हेंबर, दुपारी १.१४

कारण झाडावर बसलेलं असतं. काळं असतं आणि सकाळी सहाला ओरडतं.

नवाकोरा | १० नोव्हेंबर, रात्री ९.२५

मी उलटं सांगतो. जुनी घेऊच नका. २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. ऑल्टो के टेन एक्स-शोरूम पावणेचारच्या आत सुरू होते, एस-प्रेसो तर साडेतीनला. महाराष्ट्रातला ११ टक्के रोड टॅक्स आणि विमा धरून ऑल्टो सव्वाचार-साडेचारला दारात. के टेनला यंदापासून सहा एअरबॅग आहेत. अडीच लाखांत मिळणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या बेस मॉडेलला किती असतात, शून्य! ड्रायव्हरची एअरबॅगसुद्धा जुलै २०१९ पासूनच सक्तीची झाली.

अडीच लाख डाउन पेमेंट करा, उरलेल्यावर पाच वर्षांचा हप्ता चार हजारांच्या आसपास. वॉरंटी आहे, मेकॅनिकच्या पाया पडणं नाही.

ग्रीस बहाद्दर | १० नोव्हेंबर, रात्री १०.५०

नवाकोरा यांचं म्हणणं चूक नाही. विशेषतः एअरबॅगचं. घाटात-हायवेवर रोज जाणार असाल तर मीही हेच सांगितलं असतं. पण धागाकर्त्याने चौदा वर्षांत स्टिअरिंग धरलेलं नाही. पहिल्या सहा महिन्यांत तो ती गाडी सोसायटीच्या खांबाला घासणार, रिक्षाला टेकवणार आणि भांडुपच्या चढावर हाफ क्लचवर धरून क्लच जाळणार. हे नव्या गाडीवर करायचं की ज्या गाडीवर आधीच तीन ओरखडे आहेत तिच्यावर? आणि जुनीची किंमत पहिल्याच मालकाकडे पडून झालेली असते. जीएसटी कमी झाल्याने जुन्यांचे भाव थोडे नरमलेत, घासाघीस करायला हीच वेळ.

माझं गॅरेज नाही, पण वीस वर्षं गॅरेजात उठबस आहे. बघायला जाताना काय बघायचं ते सांगतो.

इंजिन गार असताना जा. विकणाऱ्याला सांगा, आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर समजा काहीतरी लपवलंय. गार इंजिन सुरू करताना मागून निळा धूर आला तर ऑइल जळतंय. ऑइलचं झाकण काढून आतून बघा, दुधाळ चहासारखा फेस दिसला तर ऑइलमध्ये पाणी उतरतंय, तिथूनच नमस्कार करून निघा.

क्लच: हँडब्रेक ओढा, दुसरा गिअर टाका, हळूहळू क्लच सोडा. इंजिन गचका देऊन बंद पडलं पाहिजे. गुरगुरत चालूच राहिलं तर प्लेट गेलेली आहे. मुंबईतल्या गाडीची क्लच प्लेट हाच सगळ्यात मोठा खर्च.

टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान दिसो, सहा वर्षांचा टायर बदलायचाच, तेवढे पैसे किमतीतून कापा.

बॉनेटचे, दारांचे बोल्ट बघा. बोल्टच्या डोक्यावरचा रंग पान्याने खरवडलेला असेल तर तो भाग कधीतरी उतरवलेला आहे. का, ते विचारा. वर्सोवा, उरण अशा समुद्राजवळ उभी राहिलेली गाडी असेल तर गुडघ्यावर बसून खालचा पत्रा बघा.

आणि मीटर. मीटर मागे फिरवणं हा काही मिनिटांचा खेळ आहे, म्हणून मीटरवर विश्वास ठेवू नका, पेडलच्या रबरावर ठेवा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर दिला तर जुन्या सर्व्हिसच्या नोंदीही बहुतेक वेळा मिळतात.

शेवटी, ओळखीचा मेकॅनिक हजार रुपये देऊन सोबत न्या. विकणाऱ्याचा मेकॅनिक नव्हे, आपला.

गिरणगावकर | ११ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

ग्रीस बहाद्दरांनी एक सोडलं. पाण्यात बुडालेली गाडी.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. आमच्या लालबागेत कमरेएवढं पाणी. त्यानंतर ऑक्टोबरात बाजारात गाड्या इतक्या स्वस्त झाल्या की माझ्यासारख्या गिरणी बंद पडलेल्या माणसालाही वाटलं, आता आपणही गाडीवाले. उपनगरातल्या एका दलालाकडून एक छोटी गाडी घेतली. चकाचक. सीट कव्हर नवी, आत चंदनाचा वास. दलाल म्हणाला, "मालक नाशिकला असतो, गाडी पाऊस बघितलेली नाही."

पुढच्या एप्रिलात कोळीवाड्याच्या सुक्या बाजारातून चालल्यासारखा वास यायला लागला. बायको म्हणे तुम्ही डबा विसरलात. शेवटी कार्पेट उचकटलं. खाली बोटभर सुकलेला गाळ, त्यात एक प्लास्टिकचा चमचा आणि गोगलगाईचा शंख. जूनपर्यंत वायरिंग एकेक करून गेलं. आधी काचा, मग दिवे. एका रात्री परळला कोणी हातही न लावता हॉर्न वाजायला लागला, थांबेचना. भंगारात दिली.

तेव्हापासून ज्याला त्याला सांगतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा हातभर पट्टा कोणीही धुतं. आत गुंडाळलेला भाग कोणी धुवत नाही. तिथे मातीची रेघ दिसली की गाडी बुडालेली. स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात हात फिरवा, वाळू लागते का बघा.

पापलेट | ११ नोव्हेंबर, सकाळी ९.०३

गाळात शंख मिळाला, आमच्यापैकी कोणी नव्हतं ना?

गिरणगावकर | ११ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

असतं तर वासाचा उलगडा लवकर झाला असता.

कुंदा मावशी | ११ नोव्हेंबर, दुपारी ३.१२

वाचते आहे. आमच्या ह्यांनी १९८८ साली जुनी पद्मिनी घेतली होती. सकाळी चोक ओढून, देवाचं नाव घेऊन सुरू व्हायची. बारशाला गेलो की गाडी उतारावरच लावायची, म्हणजे निघताना ढकलायला माणसं कमी लागत. गेल्या-गेल्या आधी उतार शोधायचे, मग यजमान. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या तेव्हा हे दिवसभर गप्प होते.

अवांतराबद्दल क्षमस्व. वडिलांना बरं वाटो.

अर्जविनंती | ११ नोव्हेंबर, रात्री ८.४५

गाडी बघायला सगळे शिकतात, कागद कोणी बघत नाही.

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, बँकेचा बोजा आहे का ते आधी. कर्ज फिटलं असं तोंडी सांगतात, पण बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो बोजा आरसीवरून उतरवलेला असायला हवा. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०, विकणाऱ्याच्या सह्या आपल्यासमोर. ई-चलन किती थकलंय ते वाहतूक पोलिसांच्या साइटवर नंबर टाकून बघा. फास्टॅग विकणाऱ्याने बंद करावा, आपण नवा घ्यावा.

विमा: खरेदीनंतर १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. आणि "यावर ५० टक्के नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची सूट) आहे" हे ऐकून खूश होऊ नका. तो बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. विकणारा तो सोबत घेऊन जाणार.

एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट (एचएसआरपी) लावलेली आहे का बघा. मुदत इतक्यांदा वाढलीय की लोक निर्धास्त आहेत, पण लावावी लागणारच.

आणि आरसीची मुदत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं. २०१२ ची घेतलीत तर २०२७ मध्ये फिटनेस, पर्यावरण कर आणि फेरनोंदणीचे ५,००० हे सगळं तुमच्या गळ्यात. पाच वर्षं मिळतात, पण फेऱ्या मारून.

दिल्ली पासिंगच्या गाड्या इथे स्वस्तात येतात. तिकडे पेट्रोल गाडीला १५ आणि डिझेलला १० वर्षांची अट आली, म्हणून त्या इकडे ढकलतात. पुन्हा इकडचा टॅक्स भरा, एनओसीसाठी थांबा. दमण पासिंगचंही तेच. नको त्या भानगडीत पडू.

मोगरा | ११ नोव्हेंबर, रात्री ९.२०

अर्जविनंती, विकणाऱ्यांसाठीही एक लिहाच. मी जुनी गाडी एका डीलरला दिली, पैसे मिळाले, विषय संपला असं समजले. त्याने ती नावावर न करताच पुढे विकली. दीड वर्षाने पनवेलच्या सिग्नलचं चलन माझ्या मोबाइलवर. मी तेव्हा माहेरी, सोलापूरला.

अर्जविनंती | ११ नोव्हेंबर, रात्री ९.५५

चलनावर भागलं हे नशीब समजा. अपघात झाला असता तर भरपाईसाठी आरसीवरचं नाव बघतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच सांगितलंय, गाडी कितीही जणांनी पुढे विकलेली असो.

तळकोकणी | १२ नोव्हेंबर, सकाळी १०.१०

गाडी घेतलंस काय गणपतीक घेवन ये. पण आठशे सीसीत पाच माणसं, मोदकाचं सामान आणि चालू एसी असं घाटात जमत नाही हो. आम्ही वर्षानुवर्षं चढ आला की एसी बंद करायचो, मागून पोरं ओरडायची. आता कशेडीला बोगदा झाला म्हणून बरं. हजार सीसीची घे.

बदकपाय | १२ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

सीएनजीचं कोणीच बोललं नाही?

ग्रीस बहाद्दर | १२ नोव्हेंबर, दुपारी १.०५

महिन्याला ३०० किलोमीटरसाठी सीएनजी म्हणजे डास मारायला तोफ. डिकी टाकीने भरते, मग काठी-वॉकर कुठे ठेवणार? शिवाय टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी, आरसीवर नोंद आहे की नाही ते वेगळंच. पंपावरची रांग बघितलीय ना?

उंदीरमामा | १२ नोव्हेंबर, रात्री ११.५०

सगळे इंजिन, कागद, टायर. खरा शत्रू कोणी सांगितला नाही. महिन्याला ३०० किलोमीटर म्हणजे गाडी बरेच दिवस उभी. उभी गाडी म्हणजे उंदरांचं प्रसूतिगृह. माझ्या गाडीत एअर फिल्टरच्या डब्यात संसार थाटला होता, कुरतडलेल्या वायरीचे ९,००० गेले.

कुंदा मावशी | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

तंबाखूची पानं कापडात बांधून बॉनेटखाली अडकवा. आमच्याकडे चालतं.

उंदीरमामा | १३ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

लावली होती मावशी. उंदरांना सवय लागली.

पापलेट | १३ नोव्हेंबर, सकाळी ८.१७

आता चुना मागतील.

ग्रीस बहाद्दर | १३ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

दोन दिवसांनी एकदा सुरू करून वीस मिनिटं खरोखर फिरवा, जागेवर गुरगुरवून उपयोग नाही. बॅटरीही जगते आणि उंदीरही कंटाळतात. फिजिओ आठवड्यातून तीनदा आहे, त्यामुळे धागाकर्त्याला हा त्रास कमी.

चौथी सीट | २३ नोव्हेंबर, रात्री ९.१०

धागा वर काढतोय. दोन गाड्या बघितल्या, अहवाल देतो.

पहिली कल्याणला, डीलरकडे. २०१२ ची, मीटर ३२ हजार. बाहेरून आरसा. बहाद्दरांचं वाचलेलं होतं म्हणून आधी खाली वाकलो. क्लचच्या पेडलचं रबर इतकं झिजलेलं की रेषाच नाहीत, एका कोपऱ्यात लोखंड दिसत होतं. ब्रेकचं मात्र नवंकोरं. मी विचारलं, बत्तीस हजारांत एवढं? तो म्हणाला, "मालक लेफ्टी होता." बाबा मागे उभे होते. इतक्या महिन्यांनी एवढं मोठ्याने हसले.

दुसरी मुलुंडला, थेट गाडीच्या मालकाकडूनच. गाडी चांगली वाटली. पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच आणि ई-चलन ११,५०० चं. गृहस्थ म्हणाले, नंतर बघू. मी म्हटलं, नंतर येऊ.

नवाकोरा, तुमचा हप्त्याचा मुद्दा दोन रात्री डोक्यात होता. पण बाबांच्या औषधांचा आणि फिजिओचा खर्च महिन्याला चौदा हजारांवर आहे, त्यात आणखी एक हप्ता नकोसा वाटला.

नवाकोरा | २३ नोव्हेंबर, रात्री १०.००

पटलं. पण जुनीत एअरबॅग नसणार, तेव्हा निदान मागच्या सीटवरही बेल्ट लावायला विसरू नका. आणि वेगाची हौस नको.

ग्रीस बहाद्दर | २३ नोव्हेंबर, रात्री १०.२०

"लेफ्टी होता" हे वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. वहीत लिहून ठेवतो.

हिशेबनीस | २४ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

माझा मूळ आकडा अजून तोच आहे. फक्त मोगरांनी विचारलेल्या खात्याला नाव सुचत नाहीये. "किरकोळ" मध्ये टाकवत नाही.

चौथी सीट | ७ डिसेंबर, रात्री ११.०५

घेतली.

वॅगन आर, मार्च २०१४ ची, एमएच-०४, पहिलाच मालक, ठाण्याचे निवृत्त शिक्षक. ७१ हजार किलोमीटर, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे लावलेल्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला, स्वच्छ. मास्तरांना राग आला नाही, उलट म्हणाले, "मीही घेताना ओढला असता." सोबत नेलेला मेकॅनिक म्हणाला, क्लच सहा महिन्यांत मागेल आणि दोन टायर २०१८ चे आहेत. त्यांनी २,५५,००० सांगितले होते, २,३२,००० ला दिली. मागच्या दारावर लांब ओरखडा आहे, म्हणजे पहिला माझा नाही. नंबरप्लेट लावलेली आहे. फॉर्म २९, ३० वर सह्या झाल्या, विम्याचा अर्ज उद्या. एअरबॅग नाहीत, ते माहीत असून घेतली. आरसी मार्च २०२९ पर्यंत, तोवर बघू.

मोगरा, बाबा एका प्रयत्नात बसले. टेकले, उजवा पाय आत, मग डावा हाताने उचलून. मी हात पुढे केला तर झटकला.

येताना मेकॅनिकने चालवली, मी मागे. मुलुंडच्या पुढे ट्रॅफिक संपल्यावर त्याने मला दिली. तीनदा बंद पाडली. चौथ्यांदा सुरू झाली, पण मी नुसताच बसून, मागचे हॉर्न वाजवतायत. बाबांनी उजव्या हाताने डॅशबोर्डवर दोनदा ठोकलं. मला कळेना. म्हणाले, "डबल दिलीय. काढ गाडी."

कुंदा मावशी | ८ डिसेंबर, सकाळी ६.५५

अभिनंदन रे. पेढे कुठे आहेत?

पापलेट | ८ डिसेंबर, सकाळी ८.३०

सिंगल दिली की थांब म्हणजे झालं. सुट्टे पैसे जवळ ठेव.

तळकोकणी | ८ डिसेंबर, सकाळी ९.०१

गणपतीक येवा.

चौथी सीट | ८ डिसेंबर, रात्री ९.४८

धन्यवाद सगळ्यांना. पापलेट, तुमचं बदामाच्या झाडाबद्दलचं निदान बरोबर निघालं. सकाळी काच पांढरी होती. सुकलेलं काढायला कोणता उपाय करता? बाबा म्हणतात डेपोत पाण्याचा पाइप असायचा.

उंदीरमामा | ८ डिसेंबर, रात्री १०.१५

ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून द्या, मग पुसा. घासू नका, रंग जातो. आणि जमलं तर बॉनेट उघडून एकदा आत बघा, कोणी राहायला आलंय का.